आपलाच आहे, चावू नकोस!

"माई, आहात का बागेत? नणंदेचा रिपोर्ट आला हो. थायरॉइड."

"मग त्यात एवढं काय? आपल्या ओळीत घरटी एक थायरॉइड आहे."

"तसं नव्हे. हिला डॉक्टर हाशिमोटो म्हणाले. म्हणजे म्हणे शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतंय. सासूशी भांडते ते कमी होतं, आता स्वतःशीपण?"

"नणंदेला नावं ठेवायला तुम्हाला निमित्तच हवं, वहिनी. मला विचाराल तर तुमचं-माझं शरीर तसं करत नाही, याचंच नवल वाटायला हवं. अहो, टी-पेशी म्हणून शरीराचे शिपाई असतात. उद्या कुठला विषाणू येईल हे कुणाला ठाऊक? म्हणून जनुकांचे तुकडे कसेही जोडून शरीर कोट्यवधी नमुने तयार ठेवतं. त्यात काही आपल्याच थायरॉइडवर, स्वादुपिंडावर डोळा ठेवणारे निघणारच."

"मग त्यांना आवरतं कोण?"

"छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे या पेशींची परीक्षा होते. शरीरातली नाना प्रथिनं तिथे मुद्दाम थोडी थोडी बनतात. इन्सुलिनसुद्धा! जी पेशी आपल्याच प्रथिनाला घट्ट चिकटते, ती बहुधा तिथेच संपते."

"चोख कारभार. मग नणंदेकडे काय बिनसलं?"

"सगळंच काही डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण परीक्षा कितीही कडक असली तरी काहीजणी सटकतातच. तुमच्या रक्तातही आत्ता फिरत असतील."

"काहीतरीच! सकाळी सकाळी घाबरवू नका."

"ऐका तर. जपानात शिमोन साकागुची म्हणून संशोधक आहेत. जन्मून तीनच दिवस झालेल्या उंदरांचा थायमस काढला, तर वाटेल की प्रतिकारशक्ती दुबळी होईल. झालं उलटंच. उंदरांचं शरीर आपल्याच अंडाशयांवर, थायरॉइडवर तुटून पडलं. आणि साकागुचींनी त्यांना निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्या, तर हल्ला टळला! म्हणजे टी-पेशींतच काही लगाम धरणाऱ्या होत्या. तुमचा मोत्या जावईबापूंवर धावला, की तुम्ही 'आपलाच आहे रे' म्हणून ओरडता ना, त्यातल्या."

"जावई तरी कुठे रोज येतात! पण लोकांना पटलं का ते?"

"कसलं पटतंय! अशा आवरणाऱ्या पेशींची चर्चा आधी एकदा गाजून पार फसली होती. त्या विषयाचं नाव काढलं तरी लोक नाक मुरडायचे. हा गडी चिकटून राहिला. 1995 मध्ये त्या पेशी त्यांच्या खुणेसकट दाखवल्या. आता त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. इतर टी-पेशींना वाढायला लागणारं इंटरल्यूकिन-2 त्या स्वतःच शोषून घेतात, शिवाय शांत करणारे रेणूही सोडतात."

"मग नोबेल त्यांनाच मिळालं की काय?"

"2025 चं. पण तिघांत. दुसरी दोघं अमेरिकेतली, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल. त्यांनी खपल्या धरलेल्या आजारी उंदरांची एक जात धरली. 1940 च्या दशकात टेनेसीतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत ती आपोआप निपजली होती. नर पिल्लं काही आठवड्यांतच मरायची. दोष एक्स गुणसूत्रावर, एवढं कळलेलं. शोधत शोधत वीस जनुकं उरली. एकेक तपासत गेले, आणि विसावं निघालं गुन्हेगार! फॉक्सपी-3. माणसांच्या मुलांतल्या एका दुर्मीळ, जीवघेण्या आजारातही तेच बिघडलेलं असतं. 2001 ची गोष्ट. पुढे कळलं, नियामक पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमाने."

"आणि नोबेलचा फोन आला तेव्हा काय केलं दोघांनी?"

"हां, आता आलात खऱ्या विषयावर! बाईंनी स्वीडनचा नंबर बघितला, वाटलं जाहिरातवाले, आणि झोपल्या."

"अगदी आमच्यासारख्या!"

"आणि ते रॅम्सडेल बायकोबरोबर डोंगरात भटकायला गेलेले, फोन बंद. बायको एकदम किंचाळली. त्यांना वाटलं अस्वल आलं. बघतात तर तिच्या फोनवर अभिनंदनाचे दोनशे निरोप."

"बघा! बायकोचा फोन चालू होता म्हणून कळलं. मग आता या शोधाने नणंद बरी होईल का?"

"इतकी घाई नको. या पेशी वाढवून असे आजार आवरता येतात का, याच्या चाचण्या चालू आहेत. कर्करोगात मात्र उलटं दुखणं. गाठ याच पेशी भोवती जमवते आणि शिपायांना थोपवून धरते. तिथे यांना हटवावं लागतं. नणंदेला म्हणावं, तूर्त गोळी चुकवू नकोस. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहाच्या बऱ्याच आधी."

"अगंबाई! ती तर चहाबरोबरच गिळते. थांबा, आधी तिला फोन लावते."