अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

लोअर परळच्या टॉवरमध्ये स्टुडिओ फ्लॅट भाड्याने घेणारा माणूस खूप प्रश्न विचारतो. पाणी किती वेळ येतं, स्टेशन चालत किती लांब, खिडकीतून समुद्र दिसतो का? लीव्ह अँड लायसन्स करार अकराच महिन्यांचा का, हे मात्र सहसा विचारत नाही.

विचारलंच तर एजंटचं उत्तर तयार असतं: ‘जास्त केला की रजिस्टर करावा लागतो.’ हे साफ खोटं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची पळवाट तिथली. महाराष्ट्रात ती १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने बुजवली. करार एका महिन्याचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ही जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग अकराचा फायदा कुणाला? समजा, भाडं ४०,००० रुपये आणि अनामत १,२०,०००. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. म्हणजे ३३ महिन्यांचा एकच करार करा की अकरा-अकराचे तीन, शुल्क तेवढंच: सुमारे ३,४०० रुपये. पण तीन करारांत मुंबईत नोंदणीचे हजार रुपये तीनदा जातात. दरवेळी घर बदलावं लागलं आणि महिन्याभराचं भाडं दलालीत गेलं, तर आणखी ८०,००० उडाले. टेम्पो आणि हमाली वेगळी.

जास्त मुदतीचा करार केला तर घर हातचं जाईल, ही घरमालकांची भीती एके काळी खरी होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. पुढे दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात लायसन्सवर, म्हणजे निव्वळ वापराच्या परवानगीवर, राहत असलेल्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला. दिलेलं घर परत मिळत नाही, ही धास्ती तेव्हापासून मुंबईकरांच्या मनात घर करून बसली. त्याला पन्नास वर्षं उलटली. आज १९९९ च्या कायद्याचं कलम २४ घरमालकाच्या बाजूने उभं आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळवता येतो आणि त्या काळाचं दुप्पट भाडं वसूल होतं. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कराराला आहे, तेवढंच छत्तीस महिन्यांच्याही.

आणि हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. परळ-लालबाग गजबजलं ते टिकून राहिलेल्या माणसांमुळे. गिरणी कामगारांची कुटुंबं दहा बाय दहाच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली, म्हणून इथे गणेशोत्सव मंडळं, भजनी मंडळं, व्यायामशाळा आणि खानावळी उभ्या राहिल्या. त्याच गिरण्यांच्या जमिनीवर आज टॉवर आहेत. तिथे तिसाव्या मजल्यावर राहणारी मुलगी खालच्या वाण्याशी ओळख होईपर्यंत सामान बांधायला लागते. मतदार यादीत नाव घालायचं, तर पत्ता किती दिवस टिकेल याची खात्री नाही. ज्यांच्या पगारावर इथली निम्मी दुकानं चालतात, त्यांना या वस्तीत मुळं धरू द्यायची नाहीत, हा अन्याय आहे.

तेव्हा पुढच्या वेळी स्पष्ट सांगा: करार छत्तीस महिन्यांचा हवा. कमी दराचं मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे. दरवर्षीची भाडेवाढ आधीच आकड्यात लिहून घ्या. नोकरी बदलली तर महिन्याच्या नोटिशीवर तुम्हाला निघता येईल, पण भाडं वेळेवर देत असाल आणि अटी पाळत असाल, तर घरमालकाला मध्येच काढता येणार नाही, असं कलम घाला. तो बिचकला तर कलम २४ समोर ठेवा. त्याची भीती कायद्याने केव्हाच मिटवली आहे. आता भाडेकरूंनी आपला संकोच सोडायला हवा.