कोडदादा

२००४ च्या आसपासची डोंबिवली. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक सायबर कॅफे. प्लायवुडच्या खोपटांत सात-आठ संगणक, ताशी वीस रुपये आणि दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी. सातवीतला एक मुलगा ‘व्हाइस सिटी’ खेळतोय. टॉमी व्हर्सेटीच्या मागे अख्खं पोलीस खातं लागलंय आणि मुलगा खुर्चीच्या टोकावर आलाय. तेवढ्यात मागून एक हात येतो. त्याच्या खांद्यावरून थेट कीबोर्डवर उतरतो, खटाखट बारा अक्षरं दाबतो आणि परत जातो. कोपऱ्यातले तारे विझतात, पोलीस कंटाळल्यासारखे निघून जातात.

“लीव्ह मी अलोन. सलग लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही,” मागून आवाज येतो.

हा कोडदादा. मुलाने त्याला बोलावलं नव्हतं. पाठलाग चालू होता तोवर पोराला खरं तर मजाच येत होती, हे त्याचं तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. पण कोडदादा तोंड बघत नाही.

प्रत्येक कॅफेला असा एक असायचाच. त्याची ओळख म्हणजे अकाउंट्सच्या वहीचं मागचं पान. पुढे नफा-तोट्याची खाती अर्धवट, मागे मात्र गेममधल्या चोरवाटांचे कोड, तेही मोत्यासारख्या अक्षरात. बारावीला इंग्रजीत काठावर सुटलेला हा माणूस ‘प्रेशस प्रोटेक्शन’ ही अठरा अक्षरं डोळे मिटून बिनचूक लिहायचा. ‘ॲस्पिरिन’च्या शेवटी एक जादा ई असतो हे तो नव्या पोरांना गुरुमंत्र दिल्यासारखं सांगायचा. ‘पॅन्झर’ लिहिलं की भर रस्त्यात रणगाडा, ‘सीवेज’ लिहिलं की गाडी पाण्यावर. शिवाय वहीची झेरॉक्स तो कुणालाही फुकट द्यायचा. एरवी चहाचे पैसे द्यायची वेळ आली की ज्याच्या बुटाची नाडी सुटायची, त्याचं हे औदार्य थोडं तपासून घ्यायला हवं.

त्याच्या या वृत्तीचं मूळ डॉसच्या जमान्यात सापडतं. चौथीच्या सुट्टीत त्याला कॉम्प्युटर क्लासला घातलं होतं. तिथे सर बाहेर गेले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ चालायचा. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. बाकीची पोरं खिळ्यांवर पडून, सुळ्यांत चिरडून मरत होती. कुठल्याशा मोठ्या भावाकडून याला कळलं होतं की गेम सुरू करताना ‘प्रिन्स’पुढे ‘मेगाहिट’ लिहायचं, मग शिफ्ट आणि एल दाबत एकेक मजला गाळत जायचं. पाच मिनिटांत स्वारी बाराव्या लेव्हलला. तिथपर्यंत पोचला, पण दोन फरशांमधला खड्डा पळत येऊन कसा ओलांडायचा हे त्याला आजही येत नाही. आयुष्यात एकही गेम याने सरळ संपवलेला नाही, आणि गेम या विषयावर त्याच्याइतका सल्ला कुणीही दिलेला नाही.

कुणी टोकलं की तो जपानला जातो. तिथे काझुहिसा हाशिमोतो हा त्याचा कुलपुरुष. १९८६ मध्ये कोनामी कंपनीत ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या कन्सोलसाठी तयार होत होता आणि ते काम या हाशिमोतोंकडे होतं. चाचणी करायची तर गेम खेळावा लागणार, आणि तो त्यांना स्वतःलाच झेपेना! मग त्यांनी सगळी शस्त्रं एकदम मिळावीत म्हणून एक चोरवाट ठेवली: दोनदा वर, दोनदा खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. ती काढून टाकायची राहिली आणि तशीच बाजारात गेली. हीच वाट पुढे ‘कॉन्ट्रा’त आली आणि तीन जिवांचे तीस झाले. आपल्याकडे ‘९९९९ इन १’ अशी थाप मारणारी, आत वीसेक गेम उलटसुलट भरलेली कॅसेट टीव्हीला लावून ज्यांनी ‘कॉन्ट्रा’ खेळला, त्यांना तीस जिवांचं मोल वेगळं सांगायला नको. “बनवणाऱ्यालाच जमत नव्हतं,” कोडदादा म्हणतो, “आपण कोण?” या मुद्द्याला उत्तर नाही, हे कबूल करावं लागतं.

उत्तर नसलं तरी विरोधक आहे. त्याला तपस्वी म्हणू. तपस्वी त्याच कॅफेत, शेजारच्याच खोपटात बसायचा. गेममध्ये अडकलेल्याला तो एकच औषध देतो: परत खेळ. शंभरदा मेलास? मग एकशेएकाव्यांदा मर. आज तो आयटीत आहे, रात्री जागून ‘सेकिरो’सारखे जीवघेणे अवघड गेम खेळतो आणि सकाळी डोळ्यांखालची वर्तुळं पदकासारखी मिरवत लोकलला उभा असतो. २०१९ मध्ये ‘पीसी गेमर’च्या एका लेखकाने मॉड टाकून ‘सेकिरो’चा वेग कमी केला, शेवटच्या शत्रूला पाडलं आणि आपल्याला जराही अपराधी वाटत नाही, असं जाहीर लिहिलं. त्यावर कुणीतरी त्याला असं काही सुनावलं, की तू गेमलाच नव्हे तर स्वतःला फसवलंस, तू वाढला नाहीस, वगैरे. जगाने त्या प्रवचनाचा विनोद केला. तपस्वीने ते मनापासून वाचलं आणि मान डोलावली.

या दोघांची खरी परीक्षा ‘डिमॉलिशन मॅन’ने घेतली. ‘व्हाइस सिटी’ खेळलेल्या कुणापुढेही हे नाव काढा, चेहरा बदलतो. बांधकाम चालू असलेली इमारत, रिमोटवर उडणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर, चार बॉम्ब एकेक करून वर न्यायचे आणि डोक्यावर घड्याळ. त्यात हेलिकॉप्टर नंबरपॅडवर चालवायचं, आणि कॅफेतल्या कीबोर्डचा आठाचा आकडा निम्म्या वेळा दाबलाच जात नसे. तोच सातवीतला मुलगा तीन दिवस तिथे अडकला होता. साठ रुपये गेले होते. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

कोडदादाने वही उघडली. ‘ॲस्पिरिन’ टाकलं. टॉमी ठणठणीत झाला. पण टॉमीला काहीच झालं नव्हतं, तो व्हॅनमध्ये आरामात बसला होता. मार खात होतं ते हेलिकॉप्टर! मग चिलखताचा कोड टाकला. टॉमी आता चिलखत घालून बसला. मग हताश होऊन रणगाडा बोलावून बघितला. तपस्वी बाजूला हाताची घडी घालून उभा. “सराव कर,” तो म्हणाला. मुलगा तीन दिवस दुसरं काय करत होता?

शेवटी काउंटरवर वहीत वेळ टिपणारा, कधीही गेम न खेळणारा पोरगा लांबूनच म्हणाला, “अरे, पहिला बॉम्ब उचलल्याशिवाय घड्याळ सुरूच होत नाही. आधी पंख्याने कामगारांना झोडप, जिने बघून घे, मग उचल.” दिवसभर लोकांच्या पाठीमागून स्क्रीन बघण्याचा हा फायदा. पोराने सोळाव्या मिनिटाला मिशन पार केलं. कोडदादा वहीत कुठे लिहावं ते सुचेना म्हणून पान उलटत राहिला, आणि तपस्वीला ही युक्ती बेकायदा वाटली.

कोडदादाला तत्त्व नाही असं मात्र नाही. समोर माणूस असेल तर तो कोड टाकत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ‘काउंटर-स्ट्राइक’च्या एका भारतीय खेळाडूच्या संगणकावर नेम धरून देणारा प्रोग्रॅम सामना चालू असताना सापडला. फाइलचं नाव त्याने ‘वर्ड’ ठेवलं होतं. संघ बाद, पुढे संघच मोडला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी. त्या दिवशी कोडदादा जेवला नाही. “एकट्याने खेळताना काय वाट्टेल ते करा, पण दुसऱ्याच्या ताटातली पोळी उचलायची नाही,” म्हणाला. नाव तरी जरा बरं ठेवायचं, हेही म्हणाला.

हल्ली त्याचा धंदा तसा बसत चाललाय, कारण कंपन्यांनीच वही छापायला घेतली. निन्टेन्डोने २००९ मध्येच आपल्या एका गेममध्ये सोय केली होती: एकाच स्टेजला आठदा मेलात की हिरवा ठोकळा प्रकटतो आणि लुइजी हे गेममधलंच पात्र येऊन ती स्टेज पार करून दाखवतं. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये तर सरळ मेनूतच मिळतं, वेग कमी करा, दम संपू देऊ नका, हवं तर अमर व्हा. सुरुवातीला तिथे ‘पहिल्यांदा शक्यतो याशिवाय खेळा’ अशा अर्थाची सूचना होती, पुढे कर्त्यांनी ती भाषाही सौम्य केली. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याची बोटं वेळेवर वळत नाहीत, त्याला आता कुणाच्या वहीची गरज नाही. तपस्वीला हा अधर्म वाटतो. कोडदादाला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने: मेनूत दिसतंय, मग आपल्याला विचारणार कोण?

म्हणून परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली तेव्हा तो अनवाणी धावला. काकू ‘कँडी क्रश’मध्ये आठवडाभर एकाच लेव्हलला. “अरे, हे बघ ना जरा,” एवढंच त्या म्हणाल्या. कोडदादाने फोन हातात घेतला, जीव संपलेत असं स्वतःच ठरवलं आणि सेटिंगमध्ये जाऊन तारीख पुढे ढकलली. अर्ध्या तासाला एक याप्रमाणे मिळणारे पाचही जीव क्षणात हजर! “घ्या काकू. लागतील तेव्हा अजून एक दिवस पुढे जायचं.”

काकू आज्ञाधारक. संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन पुढच्या गुरुवारात पोचला. व्हॉट्सॲप उघडेना, तारीख चुकीची आहे म्हणून अडून बसलं. उपासाची आठवण सोमवारीच वाजली आणि काकांच्या वाट्याला रात्री साबुदाणा आला. घाबरून काकूंनी तारीख मागे आणली, तर गेमचं घड्याळ बिथरलं: पुढचा जीव मिळायला आता कित्येक तास दिसत होते.

“पण काकू, जीव तर भरपूर दिले होते ना?” कोडदादा दारात उभा.

“जीव होते रे माझ्याकडे. हे चॉकलेट पसरत जातं, ते थांबवायचं कसं, तेवढं विचारत होते.”

आतून पाचवीतली नात पाढे म्हणता म्हणता ओरडली, “आजी, दर चालीला निदान एक चॉकलेट फोडायचं, मग ते वाढत नाही!”

कोडदादाने खिशातून मोबाइल काढला आणि ते टिपून घेतलं.