काकांची टॅली

आमच्या सोसायटीत बी विंगला कॅलरीकाका राहतात. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. एका रुपयाचा फरक येतोय म्हणून रात्री नऊपर्यंत अख्खी ब्रँच बसवून ठेवल्याची गोष्ट ते अजून अभिमानाने सांगतात. निवृत्तीनंतर जुळवायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात डॉक्टर "वजन कमी करा" म्हणाले आणि काकांना नवं लेजर मिळालं.

पोळपाटाशेजारी डिजिटल काटा आला. गोळा आधी काट्यावर, मग लाटण्याखाली. पन्नास ग्रॅमचा गोळा, त्यात पीठ 30, म्हणजे 100 कॅलरी. वर तूप एक चहाचा चमचा, तोही सुरीने सपाट करून: 45. "चाळीस वर्षं माझा हातच काटा होता," असं काकू एकदा म्हणाल्या. वहीत त्याची नोंद नाही.

काकांचं गणित सरळ होतं. एक किलो चरबी म्हणजे 7700 कॅलरी. रोज 500 कमी खाल्ल्या की पंधरा-सोळा दिवसांत किलो खलास. पुढच्या तीन महिन्यांची वजनं त्यांनी तारखांसकट आगाऊ मांडून ठेवली, मुदत ठेवीच्या पावतीवर असतात तशी. पहिल्याच आठवड्यात दीड किलो उतरलं आणि काका लिफ्टमध्ये लोकांना सल्ले देऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात काटा हलेना. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तर किलोभर वाढ! काका अनवाणीच वही घेऊन माझ्या दारात.

"एका वाटी खिचडीत 7700 कॅलरी कुठून येतील?"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, एवढ्यावरून सोसायटीने मला या खात्याचा लोकपाल नेमला आहे. (एका वाटीवर मी काही बोललो नाही. काकूंच्या खिचडीची एक वाटी कोणालाच पुरलेली नाही.) म्हटलं, काका, ते दीड किलो बरंचसं पाणीच होतं. शरीर साखरेचा साठा करतं तेव्हा ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. खाणं आवळलं की ते निघून जातं, साबुदाणा आणि मीठ पोटात गेलं की परत येतं. शिवाय वजन उतरलेलं शरीर जाळतंही कमी, म्हणून तुमचं 500चं गणित पुढे पुढे लागू पडत नाही.

"म्हणजे दर मधेच बदलतो?"

"फ्लोटिंग आहे, काका."

हे त्यांना लगेच पटलं. पण दुसरी तक्रार तयारच होती: समोरच्या विंगमधले मेजरसाहेब तेवढंच खातात, त्यांचं कसं भराभर उतरतं? आता मेजरसाहेब सहा फुटी, स्नायूंचा माणूस. त्यांची भट्टीच मोठी. पण काकांना असं तोंडावर कसं सांगायचं? म्हणून मी पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांचा दाखला काढला. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मात्र एकाची 9.1 टक्के, दुसऱ्याची 21.2. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटोच छापून आला.

"जास्त कोणाची?"

"याज्ञिकांची."

"बघ! पुणेकर," काका म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

हे सगळं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्या चाललं होतं, आणि काकांचा हात ओट्यावरच्या शेंगदाण्यांच्या बरणीत होता. वहीत कुठे लिहिलेला नाही, पण काकांचा एक पक्का नियम आहे: बसून खाल्लं तरच ते खाणं. मूठभर शेंगदाणे 30 ग्रॅम धरले तर 170 कॅलरी. फ्लोटिंग दर कळेपर्यंत दोन मुठी झाल्या होत्या. अमेरिकेत 1992 साली, खाणं आवळूनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या दहा जणांची तपासणी झाली. त्यांनी जे खाल्लं होतं, त्यातल्या जवळजवळ निम्म्या कॅलरींची नोंदच नव्हती. हे मी काकांना सांगितलं.

"निम्म्या?" काका हळहळले. "आमच्या ब्रँचला असते तर सस्पेंड झाले असते."

मग बायकोने चहा आणला. काकांनी बिनसाखरेचा मागितला, वहीत 'चहा, दूध 30 मिली' असं लिहिलं, वही मिटली, पेनला टोपण लावलं आणि माझ्या बशीतली शेवटची बाकरवडी उचलली.

"ही तुझ्या खात्यात टाक," ते म्हणाले.