कृशतेचा शास्त्रार्थ

लॅपटॉपच्या उत्क्रांतीत 2008 हे साल पूज्य मानावे लागते, कारण त्या वर्षी आलेल्या पहिल्या मॅकबुक एअरने तबकडी वाचणारे यंत्र, म्हणजेच ऑप्टिकल ड्राइव्ह, पोटातून काढून टाकून कृशतेचा आदर्श घालून दिला आणि पुढे बहुतेक उत्पादकांनी तो शिरोधार्य मानला. काढलेला अवयव ग्राहकाला वेगळे पैसे मोजून परत मिळवता येतो, ही व्यवस्था तर विशेष उदार म्हटली पाहिजे. असा बाहेरून जोडलेला ड्राइव्ह आपली वीज यूएसबीतूनच घेतो, आणि यूएसबी 2.0 ही जोडणी प्रमाणानुसार 500 मिलिअँपिअर, तर यूएसबी 3.0 ही 900 मिलिअँपिअर विद्युतप्रवाह पुरवते. तबकडी फिरू लागताना मात्र ड्राइव्हची भूक क्षणभर याहून मोठी असू शकते, आणि मग तो दोनदा टकटक करून मौन धारण करतो, ज्याला अननुभवी माणसे बिघाड समजतात. त्यावर उपाय म्हणून दोन तोंडांची केबल मिळते. ती जोडायला लॅपटॉपला जागा एकच असते, हा तपशील गौण होय. उरलेली उणीव अडॅप्टर आणि स्वतंत्र वीज घेणारा हब भरून काढतात, त्यामुळे लॅपटॉप सडपातळ राहतो आणि पिशवी बाळसे धरते. याच न्यायाने बॅटरी, कळफलक आणि पडदाही बाहेर काढल्यास लॅपटॉपची जाडी शून्यावर आणता येईल, व तो घरी विसरला तरी कुणाचे काही अडणार नाही. तोवर, ड्राइव्ह न चालल्यास काय करावे याचे सविस्तर मार्गदर्शन खोक्यातच दिलेले असते. ते तबकडीवर आहे.