पीडीएफ-कुलूप-मीमांसा (झरी जामणी पाठ)

प्रस्तुत विषयाकडे विद्वानांचे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे, हे वाक्य लिहिल्याशिवाय प्रबंधाला तोंड फुटत नाही, म्हणून आधी ते लिहून टाकतो. प्रश्न असा : परिपत्रकाचे पीडीएफ उघडते, वाचता येते, त्यातला चौथा परिच्छेद जसाच्या तसा प्रस्तावात हवा असतो, पण माऊस कितीही ओढला तरी मजकूर निळा होत नाही. अशा वेळी झरी जामणी तालुक्यातल्या मुख्याध्यापकाने, ग्रामसेवकाने किंवा बचत गटाच्या सचिवाने काय करावे? पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातही हीच अडचण असणार, पण तिची तेलुगू मीमांसा तिकडच्यांनी करावी.

प्रथम कुलूपविचार. पीडीएफ हा अडोबी कंपनीचा 1993 सालचा प्रकार. 2008 मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात दोन परवलीचे शब्द असू शकतात. एक उघडणाऱ्याचा, एक मालकाचा. मालकाचा घातला आणि उघडणाऱ्याचा रिकामा ठेवला, की फाईल कोणालाही उघडते. आत मात्र एक आकडा बसवलेला असतो. त्याचा तिसरा बिट छापण्याची परवानगी सांगतो, पाचवा मजकूर उचलण्याची, आणि दहावा अंध वाचकांच्या सोयीसाठी मजकूर काढू देण्याची. आता गंमत पाहा. फाईल वाचायची तर सॉफ्टवेअरला ती आधी पुरती उलगडावीच लागते. म्हणजे पाचवा बिट ‘उचलू नका’ म्हणतो तेव्हा मजकूर सॉफ्टवेअरच्या हातात आलेलाच असतो. रानडुकरे आणि रोही शिरू नयेत म्हणून आपल्याकडे शेताच्या धुऱ्याभोवती जुन्या साड्या बांधतात. पाचवा बिट ही तशी साडी आहे. जे जनावर तिला बुजते त्याच्यापुरतेच ते कुंपण.

न बुजणारी जनावरे फुकट मिळतात. क्यूपीडीएफ नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरला एका ओळीचा हुकूम दिला की बिनकुलपाची प्रत तयार. ऑक्युलर या वाचकाने तर नीतिशास्त्राचा प्रश्नच सेटिंगमध्ये नेऊन ठेवला आहे : निर्बंध पाळायचे की नाही, यासाठी तिथे एक चौकोन आहे. खूण काढली की निर्बंध संपले. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताची इतकी सुटसुटीत सोय प्रस्तुत लेखकास आढळली नाही.

येथे पूर्वपक्ष विचारतो, हा गुन्हा नव्हे काय? दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरला ई-पुस्तकांचे कुलूप काढणाऱ्या सॉफ्टवेअरपायी जुलै 2001 मध्ये लास व्हेगासला अटक झाली होती. त्याची कंपनी डिसेंबर 2002 मध्ये निर्दोष सुटली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65अ आले. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळा भार हेतूवर आहे. दुसऱ्याची कादंबरी फोडून वाटणे हा हेतू वाईटच. पण राजपत्रात प्रसिद्ध झालेली अधिसूचना पुन्हा छापायला तोच कायदा कलम 52 मध्ये मोकळीक देतो. जे उचलायला कायद्याची ना नाही त्याला कुलूप घालण्याचा हेतू कोणता, हे कुलूप घालणाऱ्यालाही बहुधा सांगता येणार नाही.

इथवर विषय सोपा होता. खरी मौज कुलूप निघाल्यावर सुरू होते. मजकूर निळा झाला, उचलला, वर्डमध्ये डकवला आणि पाहतो तो काय : ‘झरी जामणी’च्या जागी बाणाचे टोक, जे, एच, मग टी, के, ई, टिंब, के, एच! मजकूर कृतिदेवात टाईप केलेला होता. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या घरात देवनागरी आकार राहायला आले आहेत. यवतमाळ लिहायचे तर अर्धविराम, ओ, आर, ई, के आणि मोठा जी. फाँट युनिकोडचा असला तरी निर्धास्त राहू नये. पीडीएफ आकार साठवते; आकारावरून अक्षराकडे जाणारा तक्ता त्यात नीट नसला, तर ऱ्हस्व वेलांटी शेजाऱ्याच्या घरी जाते आणि जोडाक्षरांची फारकत होते.

या बाबतीत विदर्भाला मोठी परंपरा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ, सुंदरी, अंक अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी रवळोबासांची, असे परंपरा मानते. एका अक्षराच्या जागी दुसरे, ही तिची मूळ युक्ती, कृतिदेवाचीही तीच. ती किल्ली पंथाबाहेर यायला शतके लागली, वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती विद्वानांपुढे ठेवली, आणि यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी 1925 मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून त्या भांडाराची ओळख करून दिली. फरक एवढाच, की महानुभावांना लपवायचे काहीतरी होते. आपल्या परिपत्रकात ‘वरील विषयान्वये कळविण्यात येते की’ यापलीकडे गुप्त काय असते?

म्हणून प्रस्तुत लेखकाचा सिद्धान्त असा : मराठी पीडीएफचे रक्षण कुलूप करत नाही, फाँट करतो, आणि तेही कोणी न सांगता. तहसील कार्यालयाजवळच्या झेरॉक्सवाल्याला हे केव्हाच उमगलेले असते. तो कुलपाच्या वाटेला जात नाही. डावीकडे पीडीएफ, उजवीकडे कोरे पान, आणि पाहून टाईप! पानामागे दर ठरलेला.

ज्यांना तेवढेही द्यायचे नाहीत त्यांच्यासाठी टेसरॅक्ट आहे. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मलेले आणि 2005 मध्ये मुक्त झालेले हे अक्षरओळख सॉफ्टवेअर मराठी वाचते, आणि पानाच्या चित्रावरूनच वाचत असल्याने त्याला कुलूपही आड येत नाही, कृतिदेवही नाही. फक्त घ आणि ध, भ आणि म यांत ते गफलत करू शकते. तेव्हा गट क्रमांक, रक्कम, तारीख आणि अर्जदाराचे आडनाव मूळ पानाशी ताडून घ्या. त्रुटी निघाली तर प्रस्ताव टेसरॅक्टकडे परत जात नाही, तुमच्याकडे येतो.