गोष्ट सावळीची, काम गोरीला

स्टार प्रवाहवर २०१९च्या ऑक्टोबरात ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली आणि २०२३च्या सप्टेंबरपर्यंत चालली. दीपा नावाची सावळी मुलगी, तिला रंगावरून घालूनपाडून बोलणारी माणसं, काळ्या रंगाचा तिटकारा असलेली सासू. महाराष्ट्रानं रात्रीच्या जेवणाबरोबर ही मालिका पाहिली, दीपासाठी डोळे पुसले, टीआरपीच्या यादीत तिला वरच्या रांगेत ठेवलं. दीपाचं काम रेश्मा शिंदे यांनी केलं. गुणी अभिनेत्री आहेत, त्यांच्याविषयी माझी काडीची तक्रार नाही. पण दीपाचा रंग त्यांचा नव्हता. तो मेकअपच्या खुर्चीत चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर चढवला जायचा आणि पॅकअप झालं की पुसला जायचा.

सावळ्या मुलीला रंगावरून नाकारू नका, हे सांगायला जवळजवळ चार वर्षं मालिका चालवली. आणि ते सांगण्याच्या कामावर सावळी मुलगी घेतली नाही.

हे एकट्या मराठीचं नाही. ही गोष्ट मुळात मल्याळम ‘करुत्तमुत्तु’ची. तिथून ती तेलुगूत ‘कार्तिका दीपम’ झाली, तमिळमध्ये ‘भारती कन्नम्मा’, हिंदीत ‘कार्तिक पूर्णिमा’. इतक्या भाषांत चालली याचा अर्थ या सगळ्या भाषांतल्या घरांत ती रोज घडते आहे. सिनेमातही तेच. ‘उडता पंजाब’मध्ये शेतात राबणारी बिहारी मुलगी हवी होती, आलिया भटला काळवंडवलं. ‘सुपर ३०’साठी हृतिक रोशनला तपकिरी केलं. ‘बाला’मध्ये तर गोरेपणाचं वेड हाच विषयाचा एक धागा होता, आणि तिथंही भूमी पेडणेकरच्या चेहऱ्यावर काळा थर चढला. मजूर दाखवायचा, गरीब दाखवायचा, रंगावरून अपमान झालेली बाई दाखवायची, की काळ्या मेकअपचा डबा उघडतो. आणि या सगळ्यांतून पाहणाऱ्या पोरांच्या मनात बसतं ते एवढंच की काळं म्हणजे बिचारं.

यावर ठरलेलं उत्तर येतं. नट दुसऱ्याचं आयुष्य जगतो, रंग काय घेऊन बसलात, अभिनय बघा. ठीक, बघू. मग हाच न्याय उलट्या बाजूनं लावा. शहरातली श्रीमंत डॉक्टर, कंपनीची मालकीण, परदेशातून शिकून आलेली सून, या भूमिकांसाठी काळ्यासावळ्या मुलींना किती वेळा बोलावलं? नंदिता दास यांनी जाहीरपणे सांगितलंय की शिकलेल्या, वरच्या वर्गातल्या बाईची भूमिका असली की त्यांना चेहरा जरा उजळ करायला सांगितलं जातं. म्हणजे गरीब बाई उभी करायला गोरीला काळं करायचं आणि शिकलेली उभी करायला सावळीला गोरं करायचं. दोन्ही वेळा पडद्यावरून गायब होते ती सावळी, शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी. ती पुण्यात, नाशकात, लातुरात, नागपुरात हजारोंनी आहे. बँकेत आहे, कोर्टात आहे, दवाखान्यात आहे. टीव्हीत नाही.

‘लोकांना गोरंच आवडतं, आम्ही काय करणार,’ असं म्हणणाऱ्या निर्मात्यांचा मला खरा राग येतो. कारण लोकांना काय आवडावं हे ठरवण्यात त्यांचा केवढा हात असतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला. साधनाचं कपाळ रुंद वाटतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारख्या बटा कपाळावर आणल्या. देशभरच्या मुलींनी केस तसे कापले आणि साधना कट हे नाव आजही चालतं. २०१३ साली झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ लागली, तर तिच्या नायिकेच्या, जान्हवीच्या, गळ्यातलं मंगळसूत्र सराफांच्या काचेच्या कपाटापासून लोकलच्या डब्यातल्या विक्रेत्यांपर्यंत पोचलं. लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या बायकांनी आपलं मंगळसूत्र मोडून जान्हवी मंगळसूत्र करून घेतलं. ‘बाजीराव मस्तानी’नंतर नथ आणि नऊवारी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आली. एका मालिकेला घराघरातलं मंगळसूत्र बदलता येतं, तर सावळा चेहरा देखणा म्हणून रोज रात्री समोर ठेवता येणार नाही? येईल. ठेवायचा नाही, एवढंच.

आणि जेव्हा ठेवला गेला तेव्हा लोकांनी तो डोक्यावर घेतला, याचा पुरावा मराठीइतका कुणाकडेच नाही. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर एक सावळी मुलगी मराठी बातम्या द्यायची. श्याम बेनेगलांनी तिला सिनेमात आणलं. मग ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’, पुढे ‘उंबरठा’. स्मिता पाटील जाऊन चाळीस वर्षं होत आली, आजही सुंदर मराठी चेहरा म्हटला की निम्म्या लोकांच्या तोंडी पहिलं नाव तिचंच येतं. कोल्हापूरकडच्या उषा जाधव यांना ‘धग’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ साली नागराज मंजुळे यांनी अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू उन्हात रापलेल्या चेहऱ्यासकट ‘सैराट’मध्ये उभी केली. तोवर कुठल्याच मराठी सिनेमानं जमवला नव्हता एवढा गल्ला त्या सिनेमानं जमवला. तिची आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, विहिरीत पोहते, आणि गावोगावच्या मुली तिच्यासारखं बोलायला लागल्या, तिच्यासारखी मान ताठ करून चालायला लागल्या. तिच्या रंगामुळे एकही तिकीट कमी खपलं नाही.

मग २०१८ साली ‘धडक’ आला. हिंदीवाल्यांनी ‘सैराट’ची गोष्ट नेली. अजय-अतुल नेले, ‘झिंगाट’ची चाल नेली. आर्चीचा रंग मात्र नेला नाही. तिथं जान्हवी कपूर आल्या. सिद्ध झालेला, बाजारात खणखणीत चाललेला चेहरा समोर असूनही हिंदीच्या पडद्याला तो पेलला नाही. प्रेक्षक तयार नाही ही सबब निदान त्या दिवसापासून तरी कुणी सांगू नये.

असं का होतं, ते मालिकेच्या मध्ये लागणाऱ्या जाहिरातींत बघा. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली. काळी मुलगी, लग्न जमत नाही, नोकरी लागत नाही, ट्यूब लावते, सगळं जमतं, ही गोष्ट तिच्या जाहिरातींनी कित्येक वर्षं सांगितली. एका जाहिरातीत बाप मुलगा नाही म्हणून कुढतो आणि मुलगी क्रीम लावून हवाईसुंदरी होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं त्याविरुद्ध पाठपुरावा केला, तेव्हा २००३ साली ती थांबली. पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम आली आणि शाहरुख खाननं ती विकली. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेनं नियम केला की काळ्या रंगाचा माणूस दुःखी, हरलेला, नकोसा असा दाखवायचा नाही. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांनी जीव घेतला, जगभर लोक रस्त्यावर आले, आणि तेव्हा कुठे फेअर अँड लव्हलीच्या कंपनीनं ट्यूबवरचं ‘फेअर’ खोडून ‘ग्लो’ लिहिलं. इथल्या मुली पंचेचाळीस वर्षं ऐकून घेत होत्या, त्यांच्यासाठी ते खोडलं गेलं नाही. टीव्हीवर सर्वाधिक जाहिराती देणाऱ्यांत हीच कंपनी वर्षानुवर्षं वरच्या रांगेत आहे. ज्या पैशावर मालिका उभ्या राहतात त्यात गोरेपणाच्या ट्यूबचाही पैसा आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की नायिका गोरी का, याचं निम्मं उत्तर मिळतं.

आता त्यात कोरिया आला आहे. कोरियन मालिका, कोरियन बँड, आणि त्यांच्या मागोमाग काचेसारखी नितळ त्वचा, दहा टप्प्यांची निगा, शीट मास्क. त्या मालिका चांगल्या असतात, पोरींनी जरूर बघाव्यात. पण त्यांतली नायिकाही पांढरीफेक असते आणि सोबत विकलं जाणारं स्वप्नही तेच असतं. थायलंडमध्ये २०१६ साली एका कंपनीनं जाहिरात काढली होती. त्यात अभिनेत्री सांगते की आपल्या यशाचं कारण गोरेपणा आहे, आणि बोलता बोलता तिचा चेहरा काळा पडत जातो. लोक खवळले, कंपनीनं माफी मागून जाहिरात मागे घेतली. कंपनी थाई होती, नाव मात्र ‘सोल सीक्रेट’. बँकॉकच्या मुलींनाही गोरेपणा विकायला सोलचं नाव लागलं, इतकी ताकद त्या पडद्याची आहे.

हे सगळं ‘आवडीनिवडीचा प्रश्न’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी अकोल्याकडे बघावं. तिथं एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा आजार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेला आणि कारण निघालं गोरं करणारं क्रीम. त्यात पारा होता. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले अशाच आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होणं रोखतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. प्रथिनं लघवीवाटे जायला लागतात, पायांवर सूज येते.

ही क्रीम मोठ्या कंपन्यांची नसतात, हे न्यायानं सांगायला हवं. ती बिनलेबलची असतात, ब्युटी पार्लरमध्ये, मोबाइलच्या दुकानाशेजारी, ऑनलाइन मिळतात. पण ती डबी उघडणारी मुलगी तिथपर्यंत कशी पोचली? ‘मुलगी चांगली आहे हो, फक्त रंगानं जरा...’ हे तिनं पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं, आणि रात्री टीव्हीवर त्याला दुजोरा मिळाला. लग्नसराईत मंगल कार्यालयात जाऊन बघा. नवरीचा चेहरा तिच्या अंगाच्या रंगाहून दोन छटा वर नेलेला असतो, मग हात वेगळे दिसतात म्हणून कोपरापर्यंत फाउंडेशन लावतात. आपल्याच लग्नाच्या फोटोत ती मुलगी दुसरीच कुणी असते. मेकअप करणाऱ्या बाईला दोष देऊ नका, तिला फोनवर नायिकेचा फोटो दाखवून ‘अस्सा करा’ सांगितलेलं असतं.

उलटंही घडतं. ‘प्रेमम’मध्ये २०१५ साली साई पल्लवी मुरुमांसकट, जवळजवळ बिनमेकअपची दिसली आणि दक्षिणेतल्या मुलींना हायसं वाटलं. पुढे तिला गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात आली, दोन कोटींची. तिनं नाही म्हटलं. आपला रंग हा असाच आहे, त्यात दुरुस्त करायचं काही नाही, अशा अर्थाचं ती बोलली. तिला ते परवडलं असं म्हणाल. वाहिन्यांना आणि बड्या निर्मात्यांना तिच्याहून कितीतरी जास्त परवडतं.

तर मराठी मालिका काढणाऱ्यांना माझं थेट सांगणं आहे. ऑडिशनचे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांत वय, उंची आणि मग ‘फेअर’ असं लिहिलेलं असतं. ते काढा. पुढची दीपा लिहाल तेव्हा दीपाच्याच रंगाची मुलगी घ्या. अशा मुली एकांकिका स्पर्धांमध्ये दरवर्षी बक्षिसं घेतात आणि मग आईच्या, मैत्रिणीच्या, कामवालीच्या भूमिका करत बसतात. आणि एखाद्या मालिकेत सावळ्या मुलीला नायिका करा जिची गोष्ट रंगाची नाहीच. तिला जमिनीचा खटला लढू दे, प्रेमात पडू दे, सासूशी भांडू दे, दुकान काढू दे. पाचशे भागांत तिच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही.