पोटात पाय

मृगाचा पाऊस बरा झाला की कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या बागेत शंखी गोगलगायी निघतात आणि त्यांच्या मागावर तळमजल्यावरचे काका. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात रबरी मोजा, बादलीत मिठाचं पाणी. मला बादली धरायला बोलावतात.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रज साहेबानं मॉरिशसहून आणून कोलकात्यातल्या एका बागेत सोडली. तिथून ती चालत कोथरूडला आली असं काकांचं मत. नर्सरीच्या कुंड्यांतून आली असं माझं. २०२२च्या खरिपात लातूर-बीडकडचं कोवळं सोयाबीन हिनंच फस्त केलं. त्यात प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, एका खेपेला दोनशेच्या आसपास अंडी.

"म्हणजे दोघी भेटल्या तर चारशे!" काकांनी बादलीत आणखी मूठभर मीठ टाकलं. "म्हणतात ना, गोगलगाय नि पोटात पाय. आतल्या गाठीची जात!"

इथे मला राहवलं नाही. म्हटलं, काका, प्राणिशास्त्रात हिच्या वर्गाचं नावच 'उदरपाद' आहे. पोट हाच तिचा पाय आणि तो ती भर रस्त्यात दाखवत चालते. यात लपवाछपवी कुठे आली? शंख आणि कवडी हिच्याच वर्गातल्या. शेंबडी गोगलगायही हिचीच बहीण, फक्त बिनशंखाची. दुसरा वर्ग शीर्षपादांचा. माकूल आणि ऑक्टोपस त्यातले, त्यांचे पाय थेट डोक्यालाच फुटलेले. ऑक्टोपसला हृदयं तीन आणि रक्त निळं. तिसरा वर्ग शिंपल्यांचा. दोन शिंपा, मधे मऊ जीव आणि डोकं मुळीच नाही.

"डोकं नसून चालतं?" काकांनी सेक्रेटरींच्या खिडकीकडे पाहत विचारलं.

चालतं. या सगळ्यांचा मिळून मृदुकाय संघ. सभासदसंख्येत कीटक-खेकड्यांच्या संघाखालोखाल त्याचाच नंबर.

बायको मालवणची. तिला हे वर्गीकरण मान्य नाही. तिच्या मते मृदुकायांचे वर्ग दोनच, खाण्याचे आणि फुकटचे. तिसऱ्यांचं एकशिपी करताना एक शिंप फेकायची आणि मांसाची ठेवायची, यापलीकडे शास्त्र नाही.

यंदा कंपाउंडच्या भिंतीला नवा चुना दिला आणि महिन्याभरात तो जागोजाग उडाला. गोगलगायीला शंख बांधायला चुना लागतो; जिभेवरच्या बारीक दातांच्या कानशीनं ती भिंत खरवडून खाते. वार्षिक सभेत हे मी उदरपाद वर्गापासून सुरुवात करून सविस्तर समजावलं. इतिवृत्तात नोंद झाली : 'रंगकामाच्या दर्जाबद्दल एका सभासदानं शंख केला.'